एमपीएससीची पाच वर्षं, हातात पाण्याची नोकरी: थांबावं की पुढे जावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय २९, गाव लातूर जिल्ह्यातलं, शिक्षण बी.ई. सिव्हिल. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा ते इंजिनिअरिंग शिकत होते. लोकांच्या उपयोगाचं काम करायचं तर अधिकारी व्हायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. गेली पाच वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी चालू आहे. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, मुलाखतीचं बोलावणं एकदाही आलं नाही. आता घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनच्या कामांची त्रयस्थ तपासणी करणाऱ्या एका कंपनीने २८ हजारांची ऑफर दिली आहे, काम लातूर-धाराशिव भागात. वडील म्हणतात, अजून एक वर्ष दे. मित्र म्हणतात, आत्ता सोडलंस तर पाच वर्षं वाया. आणि ते स्वतः विचारतात: अर्थपूर्ण काम सोडून मी पगाराच्या मागे लागतोय का?

मी महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून लागलो आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. हल्ली अधूनमधून मॉक मुलाखतींच्या पॅनेलवर बसतो. त्यामुळे उत्तराला महसुली वास येणार, तेवढं सांभाळून घ्या.

नोकरी घ्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं वाचताना धाकधूक नको. का घ्या आणि कुठल्या परिस्थितीत माझं मत बदलेल, हे पुढे येईलच.

तहसीलदाराची खुर्ची म्हणजे अर्थपूर्ण काम आणि तपासणीची नोकरी म्हणजे नुसता पगार, अशी वाटणी तुम्ही करून ठेवली आहे. ती कशावरून केलीत? मॉक मुलाखतीत मी एक प्रश्न हटकून विचारतो: तहसीलदार मंगळवारी सकाळी अकरा वाजता काय करत असतो? उत्तरं येतात ती अशी: 'शासन आणि जनता यांच्यातला दुवा', 'तळागाळातल्या माणसापर्यंत योजना पोचवणं'. राज्यघटनेची कलमं तोंडपाठ असलेली, भूगोलात कुणालाही न ऐकणारी पोरं, पण ज्या कचेरीसाठी ऐन पंचविशी खर्च केली तिथे दाखला काढण्यापलीकडे गेलेली नसतात. मला याचं दरवेळी नवल वाटतं.

तर मंगळवारी अकराला तहसीलदार बहुधा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर असतो. जिल्हाधिकारी कार्यालयाला कुठली तरी माहिती कुठल्या तरी प्रपत्रात आज दुपारपर्यंत हवी असते आणि ती गेल्या आठवड्यात वेगळ्या प्रपत्रात पाठवून झालेली असते. ते आटोपलं की दाखले, संजय गांधी निराधार योजनेची प्रकरणं, वारस नोंदींच्या तक्रारी. सुनावणीचा दिवस असेल तर रस्त्याच्या केसेस. या केसेस एकदा बघाच. जुन्या वहिवाटीच्या रस्त्यावर कुणी काटे टाकले, चर खोदला, तर अर्ज १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली येतो. शेतात जायला वाटच नाही म्हणून बांधावरून नवी मागायची असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. कागदावर हे साधं दिसतं. समोर उभे असतात दोन सख्खे भाऊ आणि वाद असतो आठ फुटांचा. आदेश कुणाच्याही बाजूने केला तरी दुसरा प्रांताकडे, म्हणजे वरच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे, दाद मागायला जाणार. पण रस्ता खुला झाला आणि ऊस वेळेत बाहेर पडला, तर त्या घरासाठी ते आदेशाचं पान वर्षभराच्या उत्पन्नाएवढं असतं.

पावसाळ्यात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी. मग पंचनामे. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत, म्हणून प्रत्येक गावात तीस आणि पस्तीस यांच्यामध्ये अडकलेले शेतकरी. उन्हाळ्यात टंचाई. रात्री वाळूच्या गाड्या. मधूनच निवडणूक, आणि निवडणूक लागली की बाकी सगळं बाजूला. मंत्र्यांचा दौरा असेल तर तो दिवस हेलिपॅडवर गेला असं समजा.

मी या कामात रमलो. पण रमलो तो सुनावण्यांमुळे. दोघांचं ऐकायचं, जागेवर जायचं, कारणं देऊन लिहायचं, हे मला आवडायचं. माझ्या बॅचमधले काही जण माझ्याहून हुशार आणि कर्तबगार होते, पण सुनावणी म्हणजे त्यांना शिक्षा वाटायची. ते आपत्तीच्या काळात फुलायचे. काहींना यातलं काहीच भावलं नाही आणि ते वर्षानुवर्षं फायली पुढे ढकलत राहिले. पद एकच, गाडी तीच, पगारही तेवढाच.

म्हणून एक काम सांगतो. रस्त्याच्या केसमध्ये स्थळपाहणी न करता आदेश केला तर तो वर टिकत नाही. तुमच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या आदेशाची स्थळपाहणी अजून झालेली नाही, ती करा. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो. तिथे मागे जाऊन बसा. लोक काय घेऊन येतात आणि अधिकारी त्यांना प्रत्यक्षात काय देऊ शकतो, ते ऐका. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मंडळ अधिकाऱ्याला विनंती करून दोन दिवस त्याच्यासोबत फिरा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. उलट आपलं काम कुणाला तरी बघावंसं वाटतंय, याचंच त्यांना अप्रूप वाटतं. परत आल्यावर 'हे पद मला हवंय का' असं स्वतःला विचारू नका, त्याचं उत्तर 'हो'च येणार. यातलं कुठलं काम मी तिसऱ्या वर्षीही न कंटाळता करेन, हे विचारा.

आता पाण्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा जीव तिथे आहे.

तुम्ही लातूरच्या रेल्वेचा उल्लेख केलात. त्या काळात आमच्या बाजूने काम कसं चालायचं ते सांगतो. गावातून टँकरची मागणी यायची. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करायचे: विहिरी, बोअर, किती लोकसंख्या, किती जनावरं. मग टँकर मंजूर व्हायचा, ग्रामीण भागात माणशी दिवसाला २० लिटरच्या हिशेबाने. टँकर गावात शिरला की बायका हंडे घेऊन धावायच्या आणि अधिकाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटायचं. ते समाधान खोटं नव्हतं. पण पुढच्या मार्चमध्ये तेच गाव, तोच प्रस्ताव, तेच २० लिटर. टँकर सुरू करणं माझ्या सहीत होतं, टँकरची गरज संपवणं नव्हतं. ते कुणाच्या हातात होतं? विहीर कुठे खोदायची हे सांगणाऱ्या भूवैज्ञानिकाच्या. पाइपाचा व्यास काढणाऱ्या अभियंत्याच्या. आणि चारी तीन फूट खोल खणायची असताना दीड फुटावर पाइप टाकून माती लोटली जात असेल, तर 'हे उकरा' असं म्हणणाऱ्या माणसाच्या.

तुम्हाला ऑफर आलेली नोकरी या शेवटच्या माणसाची आहे.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालं. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर. मूळ मुदत २०२४ची होती. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. वीस आणि पंचावन्न यांतलं अंतर कसं भरून निघतं किंवा निघत नाही, हे तुम्हाला गावोगाव दिसेल. नळ आहे पण पाणी नाही. टाकी आहे पण उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, फेब्रुवारीतच आटतो. जलकुंभ उभा आहे, पण काँक्रीटचा नमुना ठोकळा (क्यूब) ताकदीच्या टेस्टला उतरत नाही. मोजमाप पुस्तिकेत एक आणि जमिनीत दुसरं. त्रयस्थ तपासणीचा अहवाल बिलाच्या आधी लागतो, म्हणून त्या अहवालाला वजन आहे. आणि वजन आहे म्हणूनच 'साहेब, सही करून टाका' हा आवाजही तिथे पहिल्या महिन्यात येतो. प्रामाणिकपणाची परीक्षा तहसीलदार झाल्यावरच सुरू होते, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते चूक आहे.

नोकरी थोर आहे, असा याचा अर्थ नाही. कंपनी कंत्राटावर, तुम्ही कंपनीच्या कंत्राटावर, आणि सगळ्यांचे पैसे योजनेच्या निधीवर. हा निधी अडकतो आणि अडकला की पगार लांबतात. म्हणून सही करण्याआधी काही गोष्टी तोंडावर विचारा, लाजू नका. कंपनीचा जिल्हा परिषदेबरोबरचा करार कधीपर्यंत आहे? आधीच्या माणसाने का सोडलं? महिन्यात साइटवर किती दिवस आणि प्रवासखर्च वेगळा की २८ हजारांतच? एका अभियंत्याकडे किती योजना? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. एका माणसाच्या गळ्यात पन्नासेक योजना बांधल्या असतील तर तपासणी होत नाही, फोटो होतात. आणखी एक: तुमचा प्रतिकूल अहवाल कंपनी बदलू शकते का? यावर समोरचा माणूस गडबडला तर तिथे काय चालतं ते तुम्हाला कळलंच. मग ही नोकरी सोडून दुसरी बघा. पण बघा नोकरीच.

'आवडीचं काम शोधा' या सल्ल्यावर मी फार बोलणार नाही. आवड बरीचशी काम येऊ लागल्यावर लागते, एवढंच माझं निरीक्षण.

आता हिशेब. तुम्ही पाच वर्षांचा खर्च मांडला असेल: कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, महिन्याला दहा-बारा हजार. शिवाय बुडालेला पगार. तो आकडा मोठा असणार आणि तो बघूनच मित्र म्हणतात की आता सोडायचं नाही. मी म्हणतो, तो आकडा निर्णयात घेऊच नका. तुम्ही पुढचं वर्ष दिलं काय किंवा न दिलं काय, ते पैसे परत येत नाहीत. मोजायचं ते फक्त पुढच्या वर्षाचं: दीड लाखाच्या आसपास खर्च, साडेतीन लाखांच्या जवळ बुडणारा पगार आणि तिशीच्या उंबरठ्यावर अनुभवाचं आणखी एक कोरं वर्ष. त्या बदल्यात काय मिळतं? यशाची शक्यता थोडी वाढते. किती वाढते, ते बघू.

यूपीएससीचे आकडे सुटसुटीत मिळतात, म्हणून ते घेतो. २०२३च्या नागरी सेवा परीक्षेला पूर्वपरीक्षा दिली ५,९२,१४१ जणांनी. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२४. मुलाखतीला २,८५५. शेवटी शिफारस १,०१६ जणांची. पूर्वपरीक्षेला बसलेल्यांत पाचशे-सहाशेत एक. हा आकडा भीतिदायक आहे, पण गंभीर उमेदवाराला तो लागू नाही, कारण त्या जवळजवळ सहा लाखांत हौशे-नवशे बरेच. मुख्य परीक्षेपर्यंत पोचलेल्यांत साधारण चौदात एक. मुलाखतीला पोचलेल्यांत जवळजवळ तिनात एक. म्हणजे आपली शक्यता काढायची तर आपण कुठवर पोचलो होतो ते बघायचं. क्लासच्या जाहिरातीतला फोटो बघून ती निघत नाही आणि सहा लाखांच्या गर्दीकडे बघूनही निघत नाही. राज्यसेवेचे आकडे वेगळे, पण मांडणी हीच.

तुम्ही दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलात. म्हणजे तुम्ही त्या चौदातले, बरोबर? पुरतं नाही. एकदा चौदात एक, दोनदा दिली म्हणून सातात एक, असं गणित इथे चालत नाही. दोन वेळा मुख्य परीक्षेत थांबलेला उमेदवार आणि पहिल्यांदा तिथे पोचलेला उमेदवार सारखे नसतात. दोन्ही वेळा कुठे अडलात, गुण वाढले की तिथेच राहिले, यावर सगळं आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

शिवाय परीक्षाच बदलली. तुम्ही दिलीत ती मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुख्यतः वस्तुनिष्ठ होती. २०२५पासून ती वर्णनात्मक झाली: नऊ पेपर, गुणवत्तेसाठी १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. निबंध आला, वैकल्पिक विषय आला. हा बदल आधी २०२३पासून होणार होता. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि तो पुढे गेला, हे तुम्ही बघितलं असेल, कदाचित त्या गर्दीत असालही. म्हणजे तुमच्या पाच वर्षांतला बराच सराव आता जुन्या परीक्षेचा आहे. पर्याय ओळखणं आणि पानभर उत्तर लिहिणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. 'आता फक्त एकच वर्ष' असं म्हणताना तुम्ही जुनी इमारत पूर्ण करताय की नवा पाया घालताय, हे नीट बघा. तुम्ही सिव्हिलचे आहात, तुम्हाला यातला फरक मी सांगायला नको.

आता कुंपणाचं, म्हणजे कुठे थांबायचं त्या मर्यादेचं, बोलू. यूपीएससीला खुल्या वर्गासाठी ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न. कडक आहे, पण त्यात एक दया आहे: कधीतरी दार बंद होतं आणि माणूस घरी जातो. राज्यसेवेला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८, मागास प्रवर्गांची ४३. प्रयत्नांची मर्यादा आयोगाने २०२०च्या अखेरीस घातली होती, ती २०२२मध्ये काढून टाकली. मर्यादा काढल्याचं उमेदवारांनी स्वागत केलं, मीही त्यांना दोष देत नाही. पण परिणाम असा की २९व्या वर्षी तुम्हाला 'बस' म्हणणारं कुणी नाही. पुढची नऊ वर्षं दरवर्षी 'अजून एक' म्हणता येईल. परीक्षा पुढे ढकलल्या जातात, मग वर्ष फुकट गेलं म्हणून आणखी एक दिलं जातं. मार्च २०२१मध्ये पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे गेली. ऑगस्ट २०२४मध्ये बँकेच्या परीक्षेशी तारीख भिडली म्हणून आंदोलन झालं आणि परीक्षा थेट डिसेंबरात गेली. यात चूक उमेदवाराची नसते, आयुष्य मात्र त्याचंच जातं.

तेव्हा कुंपण तुम्हीच घाला आणि ते लिहून ठेवा. आम्ही आदेश लिहायचो तसंच लिहा: अर्जदाराचं म्हणणं, सामनेवाल्याचं म्हणणं, मुद्दे, निष्कर्ष, आदेश. अर्जदार तुम्हीच, सामनेवालाही तुम्हीच. गंमत वाटेल, पण सामनेवाल्याच्या बाजूचं पान लिहायला बसल्यावर बहुतेकांचा हात अडतो, कारण ती बाजू त्यांनी पाच वर्षांत ऐकूनच घेतलेली नसते. निष्कर्षात तारीख घाला, रक्कम घाला, गुण घाला. 'नोकरी सांभाळून एकदा नव्या पद्धतीची परीक्षा देईन. पूर्वपरीक्षेत कट-ऑफच्या खाली राहिलो तर थांबेन. मुख्य परीक्षेपर्यंत गेलो तर दोन महिने बिनपगारी सुट्टी घेईन. मुलाखतीला बोलावणं आलं नाही तर पुन्हा फॉर्म भरणार नाही.' असं काहीतरी. आकडे तुमचे घाला. टेस्ट सिरीजचे गुण त्यात धरू नका, खऱ्या परीक्षेचेच धरा. आणि तो कागद बहिणीकडे किंवा जुन्या मास्तरांकडे द्या. रूम पार्टनरकडे देऊ नका, तोही त्याच नावेत आहे.

निकालाच्या आदल्या आठवड्यात घातलेलं कुंपण टिकत नाही आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी घातलेलं तर अजिबात नाही. आत्ता घाला.

नोकरी करत अभ्यास होतो का? पूर्वपरीक्षेपुरता होतो, अनेकांनी केला आहे. वर्णनात्मक मुख्य परीक्षा सायटीवर फिरून आल्यावर रात्री लिहिणं अवघड आहे, हे मान्य. पण तुमच्या ऑफरमध्ये एक फायदा आहे जो अभ्यासिकेत मिळत नाही: पाणीपुरवठा, ग्रामपंचायतीचं कामकाज, निधी कुठे अडतो, हे तुम्हाला आतून कळेल. पॅनेलवर बसल्यावर आम्हाला लगेच ओळखू येतं, कोण पुस्तकातलं बोलतोय आणि कोण गावातलं.

एक प्रश्न मात्र माझा तुम्हाला आहे आणि तो जरा टोचणारा आहे. तुम्ही सिव्हिल इंजिनिअर, ओढ पाण्याची, मग पाच वर्षांत महाराष्ट्र स्थापत्य अभियांत्रिकी सेवेची परीक्षा किती गांभीर्याने दिलीत? तीही आयोगच घेतो. जलसंपदा, मृद व जलसंधारण ही खाती आहेत; शिवाय, भरती वेगळी असली तरी, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आहे. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातून जितकं पाणी गावात येतं तितकं उपजिल्हाधिकाऱ्याच्या हातून येत नाही. मला वाटतं तुम्ही ती परीक्षा टाळली, कारण त्यात लाल दिवा नव्हता. लाल दिवे २०१७मध्येच गाड्यांवरून उतरले, मनातून मात्र उतरले नाहीत. राज्यसेवेचा पसंतीक्रम भरतानाही हेच होतं. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार हे वरती, बाकी सगळे खाली. पाण्याची ओढ असलेल्या माणसाने नगरपरिषदेचा मुख्याधिकारी किंवा गटविकास अधिकारी आधी लिहायला हवं, कारण गावाचं आणि शहराचं पाणी त्यांच्या टेबलावर असतं. तसं लिहिणारा मला क्वचितच भेटला.

वडिलांबद्दल. ते 'अजून एक वर्ष' म्हणतात तेव्हा आकडे त्यांच्यासमोर नसतात. पाच वर्षं गावात 'पोरगा पुण्याला कलेक्टरचा अभ्यास करतोय' असं सांगितलेलं असतं आणि आता पारावर काय सांगायचं, हा त्यांचा खरा पेच. त्यांना शक्यतांचं गणित समजावू नका. एका सायटीवर घेऊन जा. चारी कशी खणतात, कुठे फसवतात, तुम्ही काय पकडलंत, ते दाखवा. आपल्याकडच्या बापमाणसाला दुष्काळाचं पाणी समजतं. पगाराचा पहिला हप्ता घरी गेला की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, हेही खरंच.

बायोडेटातल्या पाच वर्षांच्या रिकाम्या जागेची काळजी फार करू नका. 'स्पर्धा परीक्षेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो' असं सरळ लिहा. या भागात हे सगळ्यांना समजतं. काळजी करा ती हात गंजल्याची. पाच वर्षांत लेव्हल लावली नसेल, ऑटोकॅड उघडलं नसेल. रुजू होण्याआधीच्या महिन्यात पाइप जाळ्याचं गणित करणारं इपॅनेट शिका, ते फुकट मिळतं. नकाशांसाठी क्यूजीआयएस, तेही फुकट. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन तुमच्या तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी कशी मोजतात ते विचारा. तपासणी अधिकारी ठेकेदाराच्या माणसापेक्षा कमी जाणत असेल, तर त्याच्या अहवालाला कुणी विचारत नाही.

शेवटी, माझं मत कधी बदलेल ते. दोन मुख्य परीक्षांपैकी दुसऱ्या वेळी तुम्ही मुलाखतीच्या कट-ऑफपासून अगदी थोड्या गुणांनी राहिला असाल, पहिल्या वेळेपेक्षा गुण ठळक वाढले असतील, नव्या पद्धतीचे पेपर त्रयस्थ माणसाकडून तपासून घेतले असतील आणि तो चांगलं म्हणत असेल, आणि घरी कर्ज नसेल, तर एक वर्ष पूर्णवेळ देण्यात मला वावगं वाटणार नाही. चारही गोष्टी हव्यात. यातली एक जरी नसेल, तर ऑफर लेटरची मुदत कधी संपते ते आजच बघा. कंपनीला फोन करून रुजू व्हायला पंधरा दिवस मागून घ्या आणि त्या पंधरा दिवसांत येणारा सोमवार तिसरा असेल तर लोकशाही दिनाला बसून या.